टॅली, व्हॅलोरंट आणि एकच टेबल

3 जुलै 2025, गुरुवार

बँकेच्या स्टेटमेंटशी 94,500 रुपयांचा फरक. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला की बहुधा एक तर दोन आकड्यांची अदलाबदल झालेली असते, नाही तर शून्य गळलेलं असतं. हिशेबाच्या कामातली जुनी माणसं हे सगळ्यात आधी शिकवतात. भागून पाहिलं: 10,500. म्हणजे 1,05,000 चा चेक 10,500 म्हणून पडलाय. हार्डवेअरवाल्या क्लायंटच्या खात्यात तो सापडला आणि गुन्हेगारही सापडला. नमपॅडवरचं शून्य आता जोर लावल्याशिवाय उमटत नाही.

हा साधा मेंब्रेन कीबोर्ड. आत रबराची एकच अखंड शीट, प्रत्येक बटणाखाली तिचा एक फुगवटा आणि त्याखाली सर्किट छापलेले प्लॅस्टिकचे पापुद्रे. बटण तळाला गेलं की पापुद्रे एकमेकांना टेकतात आणि अक्षर उमटतं. फुगवटा थकला की बटण संपलं. ते एकटं बदलता येत नाही. चारशे-पाचशे रुपयांत नवा कीबोर्ड येतो, म्हणून आजवर तेच करत आले. पण माझं शून्य बाकीच्यांच्या फार आधी मरतं आणि त्याच्यापायी शंभर धडधाकट बटणं कचऱ्यात जातात. या खेपेला मेकॅनिकल बघायचा.

4 जुलै, शुक्रवार

मेकॅनिकल म्हटल्याबरोबर चिरंजीवांनी मोबाइलमधून मान वर काढली. दिवसा या कॉम्प्युटरवर माझी टॅली असते, रात्री दहानंतर त्याचं व्हॅलोरंट. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष आहे, अभ्यास केव्हा असतो ते मी विचारत नाही.

"आई, घ्यायचाच तर मॅग्नेटिक घे."

मग तासभर माझी शिकवणी झाली. या कीबोर्डांत स्विचमध्ये चुंबक असतो आणि खाली हॉल सेन्सर. बटण किती खोल गेलंय हे सेन्सरला कळत राहतं, त्यामुळे कितव्या मिलिमीटरला अक्षर उमटायचं हे आपण ठरवायचं. बोट जरा वर आलं की बटण लगेच सुटल्याचं धरलं जातं. याला रॅपिड ट्रिगर म्हणतात. वूटिंग नावाच्या डच कंपनीने हे लोकप्रिय केलं. नेमबाजीच्या खेळात पळता पळता थांबून गोळी झाडायची असते, तिथे याचा खरा फायदा होतो, हे मी मान्य केलं.

पुढचं मात्र मला त्याच्याचकडून कळलं आणि माझ्याच उपयोगी पडलं. डावी-उजवीकडची दोन्ही बटणं एकदम दाबली तर नंतरचं आपोआप खरं धरायचं, अशी सोय रेझरने जुलै 2024 मध्ये स्नॅप टॅप या नावाने आणली. ऑगस्टमध्येच व्हॉल्व्हने काउंटर-स्ट्राइक 2 च्या आपल्या सर्व्हरवर तिला बंदी केली. हाताचं कसब मशीनने करायचं नाही, हा त्यामागचा विचार. आमच्या पतसंस्थेच्या ऑडिटरांना आवडेल असा.

मॅग्नेटिक आता स्वस्तातही मिळायला लागलेत, पण त्यांतल्या बहुतेकांत साधे मेकॅनिकल स्विच बसत नाहीत. मला हवंय ते नेमकं उलटं: काही बिघडलं तर गल्लीतला पोरगाही बदलू शकेल असं काहीतरी. बजेट साडेतीन हजार, आणि एकाच वस्तूत दोघांचं काम भागलं पाहिजे. मॅग्नेटिक तुझ्या पहिल्या पगारातून, असं सांगून विषय मिटवला.

6 जुलै, रविवार. आषाढी एकादशी

चिरंजीवांचा मित्र आपला कीबोर्ड घेऊन आला. दोघांनी साबुदाण्याच्या खिचडीचा फडशा पाडला आणि कीबोर्ड रात्रीपुरता इथेच राहिला. 61 बटणांचा, साठ टक्केवाला. दिसायला गोड, टेबलावर जेमतेम तीस सेंटिमीटर जागा घेतो. नमपॅड नाही, बाणांची बटणं नाहीत आणि वरची एफची ओळच नाही.

ही शेवटची गोष्ट खेळणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. टॅलीवाल्याचा जीव तिच्यात असतो. एफ5 पेमेंट, एफ6 रिसीट, एफ7 जर्नल, एफ8 सेल्स, एफ9 पर्चेस. इथे प्रत्येक व्हाउचरला एफएन दाबून वर आकडा दाबायचा. पेट्रोल पंपाच्या एका दिवसाच्या एन्ट्र्या टाकून पाहिल्या आणि हात टेकले. साठ टक्के बाद. बाण असलेला पण एफची ओळ नसलेला पासष्ट टक्केही त्याच कारणाने बाद.

स्विच निळे होते. निळ्यात प्रत्येक दाबाला मुद्दाम 'टिक' असा आवाज काढणारा भाग असतो. बोटांना सुख वाटतं हे खरं. रात्री साडेअकराला हॉलमधून सासूबाईंचा आवाज आला, "एकादशीच्या दिवशी एवढ्या रात्री सुपारी कोण फोडतंय?"

आमचं घर वन बीएचके आहे. निळेही बाद.

8 जुलै, मंगळवार

स्विचच्या रंगांची भाषा आता समजायला लागली. ती चेरी या जर्मन कंपनीची. तिचे एमएक्स स्विच 1980 च्या दशकात आले. लाल म्हणजे दाब सुरुवातीपासून तळापर्यंत सरळ, मध्ये अडथळा नाही, 45 ग्रॅमच्या आसपास वजन टाकलं की काम झालं. तपकिरी 55 च्या आसपास, मध्ये बोटाला एक बारीकसा उंचवटा लागतो पण आवाज नाही. निळा 60, उंचवटाही आणि टिकटिकही. लाल आणि तपकिरी बटण एकूण चार मिलिमीटर खाली जातं आणि दोन मिलिमीटरलाच अक्षर उमटतं. तळ गाठायची गरजच नसते.

चेरीच्या मूळ पेटंटची मुदत 2014 च्या सुमारास संपली. मग गेटरॉन, कैल, आउटेमू या चिनी कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच बनवायचा सपाटा लावला. वरच्या टोपीत बसणारा अधिक चिन्हाच्या आकाराचा दांडाही तोच ठेवला, त्यामुळे एकाच्या टोप्या दुसऱ्याला बसतात. दोन-अडीच हजारांत मेकॅनिकल कीबोर्ड मिळतो तो यामुळे. आवाज आणि वजन सोडता, रोजच्या कामाला चेरीच हवा असा हट्ट धरण्यासारखं मला काही दिसत नाही. चिरंजीव म्हणतात गेटरॉनचा लाल चेरीच्या लालपेक्षा मऊ चालतो. असेल.

तळ गाठायची गरज नसते हे माझ्या बोटांना कोण सांगणार? मी टायपिंग शिकले ती क्लासातल्या गोदरेजच्या मशीनवर. गोदरेजने 1955 मध्ये पहिला भारतीय टाइपरायटर काढला आणि 2009 मध्ये उत्पादन थांबवलं. आमच्या क्लासातली मशीनं बहुधा यांतल्या पहिल्या तारखेच्या जवळची होती. खाली दोन कार्बन कॉप्या उठायला हव्यात म्हणून सर छडी घेऊन उभे असत. तिथे तयार झालेलं बोट लाल स्विचवर पडलं की थेट पत्र्यावर आपटतं. म्हणजे टिकटिक नसलेला स्विच घेतला तरी आवाज होणारच. स्विचचा नाही, माझा.

11 जुलै, शुक्रवार

जीएसटीआर-1 ची तारीख. बाकी काही नाही.

12 जुलै, शनिवार

स्वारगेटहून मेट्रोने मंडई, तिथून चालत तपकीर गल्ली. वस्तू हातात घेऊन बघितल्याशिवाय पैसे टाकायचे नाहीत हा माझा नियम, आणि कीबोर्डला तो साडीपेक्षा जास्त लागू आहे. दाब बोटानेच कळतो. व्हिडिओतला आवाज माइक, टेबल आणि खोली यांच्यावर ठरतो.

पहिल्या दुकानदाराने माझं वय आणि काम ऐकून एका दमात सांगितलं, "मॅडम, टीव्हीएस गोल्ड न्या. बँकेत, रेल्वेच्या खिडकीवर हाच असतो." चूक नव्हतं. पूर्वीच्या गोल्डमध्ये चेरीचे निळे स्विच असत आणि सरकारी कचेऱ्यांमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं मार खाल्लाय. भारत मॉडेलवर रुपयाचं चिन्हही छापलेलं असतं. (ते चिन्ह कुठल्याही कीबोर्डवर येतं: विंडोजमध्ये इंग्लिश इंडिया लेआउट निवडायचा आणि उजवा ऑल्ट धरून 4 दाबायचा. क्लायंटना सांगून थकले.) स्वतंत्र ऑफिस असतं तर मी गोल्ड घेऊन तिथूनच परतले असते. पण तो खटखट वाजतो आणि चव्वेचाळीस सेंटिमीटरच्या आसपास लांब आहे. घरी सासूबाई, आणि टेबलावर माउस.

दुसऱ्या दुकानात काउंटरवर तीन कीबोर्ड उघडे होते आणि मालकाला घाई नव्हती. तिथे दीड तास काढला.

चिरंजीवांनी पढवून पाठवलेली परीक्षा घेतली. नोटपॅड उघडायचं, दोन्ही शिफ्ट दाबून धरायच्या आणि एक पूर्ण वाक्य टाइप करायचं. साध्या कीबोर्डवर त्यातली काही अक्षरं गायब होतात, कारण आत आडव्या-उभ्या तारांची जाळी असते आणि तीन-चार बटणं एकदम दाबली की नेमकं कोणतं दाबलं हे तिला कळेनासं होतं. बऱ्या मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणामागे डायोड असतो, म्हणून घोटाळा होत नाही. खेळताना पुढे, बाजूला, हळू चालणं आणि उडी अशी चार बटणं सहज एकत्र दाबली जातात. तिन्ही पास झाले. दुकानातला चारशेचा मेंब्रेन नापास. मालकांनाही हे नवीन होतं, त्यांनी मग शेल्फावरचे आणखी दोन लावून बघितले.

एक 96 टक्केवाला फार आवडला होता. नमपॅड आहे, एफची ओळ आहे, तरी लांबी अडतीसच्या आसपास. दोघांचंही भागवणारा म्हणून हाच सुचवतात. हात ठेवला आणि कळलं: जागा वाचवण्यासाठी त्यांनी नमपॅडचं शून्य अर्धं केलंय. रुंद शून्यावर अंगठा न बघता पडतो. इथे तो बाजूच्या उजव्या बाणावर पडत होता आणि कर्सर पुढे पळत होता. डाव्या हाताने बिलांचा गठ्ठा उलटत उजव्या हाताने आकडे मारणाऱ्या माणसाचं नमपॅडकडे लक्ष नसतं, नसायलाच हवं. ज्याने तो कीबोर्ड आखला त्याने आयुष्यात पर्चेस रजिस्टर भरलेलं नाही.

वस्तू न घेता परतले.

13 जुलै, रविवार

टेप घेऊन टेबल मोजलं. रुंदी नव्वद सेंटिमीटर, त्यात एका कडेला प्रिंटर. खेळताना चिरंजीवांचा माउस उजवीकडे हातभर फिरतो. तो सेन्सिटिव्हिटी कमी ठेवतो, म्हणजे वळायला मनगट नाही तर अख्खा हात लागतो. पूर्ण लांबीचा कीबोर्ड ठेवला की माउस नमपॅडवर आपटतो. रात्री नमपॅड नको, दिवसा हवाच.

उत्तर सोपं निघालं: 87 बटणांचा टीकेएल, म्हणजे नमपॅड कापलेला पण बाण आणि एफची ओळ शाबूत असलेला, आणि यूएसबीचा वेगळा नमपॅड. दिवसा तो कीबोर्डला चिकटून उजवीकडे, रात्री ड्रॉवरमध्ये. माझं शून्य पुन्हा मेलं तरी कीबोर्डाला हात लावायची गरज नाही.

आता पैसे कशावर घालायचे आणि कशावर नाही ते ठरवलं.

हॉट-स्वॅप हवाच. यात स्विच डाख लावून जोडलेला नसतो, चिमट्याने उपटून नवा खोचता येतो. इथे एक खोच आहे. काही स्वस्त बोर्डांची भोकं आउटेमूच्या बारीक पायांपुरतीच असतात, दुसऱ्या कंपनीचा स्विच त्यांत जात नाही. विक्रेत्याला हे विचारून घ्यायचं. तीन पायांच्या बोर्डात पाच पायांचा स्विच मात्र चालतो, प्लॅस्टिकचे जादा दोन पाय नेलकटरने कापले की झालं.

टोप्या पीबीटीच्या. एबीएसच्या टोप्या काही महिन्यांत तुकतुकीत होतात, विशेषतः घाम येणाऱ्या हातांखाली.

वायर हवी. ब्लूटूथला थोडा उशीर लागतो. 2.4 गिगाहर्ट्झचा डोंगल चांगला चालतो पण बॅटरीचे पैसे वाढतात, आणि टेबलावरच्या कॉम्प्युटरला वायरीचा जाच काय? वायर काढता येणारी असावी, टाइप-सी. ती आधी तुटते.

पोलिंग रेट 1000 हर्ट्झ पुरे. म्हणजे कॉम्प्युटर सेकंदाला हजार वेळा कीबोर्डाची विचारपूस करतो, दर मिलिसेकंदाला एकदा. 125 वाले आठ मिलिसेकंदांनी करतात, तेवढा फरक खेळाडूला हवा असतो. त्यापुढचे 8000 चे आकडे खोक्यावर शोभतात.

रंगीत दिवे फुकट येत असतील तर येऊ देत. मराठी मी इनस्क्रिप्टवर टाइप करते, त्यामुळे कुणीतरी मराठीचे स्टिकर सुचवले होते. ते दिवे झाकतात आणि पावसाळ्यात सुटतात. क आहे के वर, र आहे जे वर, प एचवर. बोटांना पाठ आहे.

पाच कोटी दाबांचं आयुष्य, असं खोक्यावर लिहिलेलं असतं. हिशेब केला. रोज पाच हजार वेळा शून्य दाबलं आणि वर्षाला तीनशे दिवस काम धरलं तर वर्षाचे पंधरा लाख, म्हणजे तेहतीस वर्षं. तोवर मी काम करत नसेन. हा आकडा बघून कुणी कीबोर्ड निवडू नये.

16 जुलै, बुधवार

कीबोर्ड आला: लाल स्विचचा. नमपॅड तपकिरी स्विचचा. लाल चिरंजीवांच्या मागणीवरून, तपकिरी माझ्या. लालवर नुसतं बोट टेकलं तरी आकडा पडण्याची भीती असते, तपकिरीचा उंचवटा तेवढं थोपवतो. खेळात उलट, तो उंचवटा मध्ये येतो म्हणतात.

पहिल्या संध्याकाळीच एक दुखणं निघालं. नमपॅडवरचा 1 एकदा दाबला की कधी कधी दोनदा उमटत होता. याला चॅटर म्हणतात: आतली धातूची पट्टी थरथरते आणि एक दाब दोन समजला जातो. गप्पा मारताना 'हो' चं 'होो' झालं तर बिघडत नाही. 1,250 चे 11,250 झाले तर क्लायंट जातो. विक्रेत्याकडे परत पाठवायच्या आधी सोबत आलेल्या जादा स्विचांपैकी एक खोचून पाहिला. चिमटा, टक, संपलं. डाख लावलेल्या स्विचांत हे शक्य नव्हतं, एवढ्यासाठीच हॉट-स्वॅपचे दोनशे-चारशे रुपये वसूल झाले.

स्पेसबार खुळखुळत होता. मोठ्या बटणांखाली ती तिरकी होऊ नयेत म्हणून तारेचे स्टॅबिलायझर असतात, स्वस्त बोर्डांत ते कोरडे येतात. चिरंजीवांनी टोपी काढून तारेच्या टोकांना सुईने ग्रीस लावलं. स्विचला नाही, फक्त तारेला. आवाज निम्मा झाला. खाली जुना टर्किश टॉवेल दुमडून ठेवला, राहिलेल्याचाही निम्मा.

20 जुलै, रविवार

जीएसटीआर-3बी ची शेवटची तारीख, म्हणून रविवार नावापुरता. सकाळी सात ते रात्री नऊ टेबलावर. मेकॅनिकलची उंची जास्त असते, दुपारपर्यंत मनगट भरून आलं. मागचे पाय मिटून कीबोर्ड सपाट केला आणि तळव्याखाली कापडाची घडी ठेवली, मग ठीक. दुकानात उभ्याने पाच मिनिटं टाइप करून हे कळत नाही. कुणी मित्र आपला कीबोर्ड दिवसभर वापरायला देत असेल तर मागून आणावा.

एन्ट्रीचा वेग वाढला का? विशेष नाही. पण शून्य एकदाही गळलं नाही, आणि संध्याकाळी बोटांची टोकं दुखली नाहीत.

रात्री चिरंजीवांना विचारलं, रँक वाढला का? "आई, कीबोर्डने रँक वाढत नाही." हे वाक्य 4 तारखेला कुठे होतं?

27 जुलै, रविवार

बिलं फाइल केली. कीबोर्ड 2,478, नमपॅड 1,062, एकूण 3,540. त्यात अठरा टक्के जीएसटी: 378 आणि 162. क्लायंट कंपन्यांच्या आग्रहामुळे माझी नोंदणी आहे, म्हणून दोन्ही बिलांवर माझा जीएसटीआयएन घातलाय. ज्यांची नोंदणी आहे त्यांनी ऑर्डर करतानाच नंबर टाकावा, नंतर बिल बदलून घेताना जीव जातो.

कायद्याच्या कलम 17(1) प्रमाणे क्रेडिट धंद्याच्या वापरापुरतंच घेता येतं. कीबोर्डावर अर्धा वापर व्हॅलोरंटचा धरला, त्याचे 189. नमपॅडवर व्हॅलोरंट खेळत नाहीत, त्याचे पूर्ण 162. एकूण 351 रुपये. विक्रेत्यांनी 11 ऑगस्टपर्यंत आपापलं जीएसटीआर-1 भरलं, तर ते मला पुढच्या 3बी मध्ये मिळतील.